चार दोरांचं रान

फार पूर्वी, माळावर अजून कुणाचीच मालकी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. बारा घरं मिळून त्या माळावर राहायला आली. राजाने त्यांना एकच अट घातली होती. वाटणीला आलेलं रान फोडायचं आणि सलग पाच वर्षं, कोजागिरीच्या आत, ते सगळं ज्वारीने पेरायचं. पाच पेरण्या झाल्या की रान कायमचं त्या घराचं. जेवढं पडीक राहील तेवढं वस्तीकडे परत.

त्यातल्या एका घरात आई, बाप आणि एक मुलगी होती. मुलगी शिकली आणि वस्तीतल्या कुडाच्या खोलीत शाळा भरवू लागली. मग सगळे तिला बाई म्हणू लागले. जिने तिचा लहानपणी शेंबूड पुसला होता, ती शेजारीणसुद्धा.

बापाने चार पेरण्या केल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात तो वारला. पाचवी पेरणी बाईच्या आणि तिच्या आईच्या अंगावर पडली. माळावर रान दोराने मोजत. यांचं रान दहा दोरांचं, बैलजोडी एक आणि माणसं दोन, त्यातली एक म्हातारी.

पेरणीचे दिवस आले तसा वस्तीचा कारभारी बाईच्या दारी आला. एरवी तो तिला पोरी म्हणायचा. काम असलं की बाई म्हणायचा.

"बाई, आठ दिस शाळा बंद ठेवा," तो म्हणाला. "पोरं रानात लागत्यात. लहानग्यांना सांभाळायला पोरी लागत्यात. तुम्ही एवढं करा, आम्ही तुमच्या रानात इर्जिक घालतो. बाराच्या बारा औतं. एका दिसात पेरणी उरकून देतो."

इर्जिक म्हणजे अडल्या घरी सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायचं, काम उरकायचं आणि जेवून घरी यायचं. तिला अट घालायची नसते. हे कारभाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो बोलताना बाईकडे न बघता बैलांकडे बघत होता.

एका शब्दात बाईचं सगळं रान वाचत होतं. पण ती म्हणाली, "तात्या, गेल्या सालीही तुम्ही आठच दिवस म्हणाला होतात. तेव्हा गेलेल्या चार मुली अजून शाळेत परतल्या नाहीत. शाळा बंद राहणार नाही."

"मग रान तुझं तू बघ, पोरी," कारभारी म्हणाला आणि निघून गेला.

बाईने ते बघायचं ठरवलं. पहाट फुटली की ती बी पेरायची पाभर जुंपायची. ती बैल हाकायची आणि मागून आई पाभरीच्या चाड्यावर, त्या लाकडी नरसाळ्यावर, मूठ धरून बी सोडायची. ऊन चढलं की हातपाय धुऊन बाई शाळेत. शाळा सुटली की दिवस मावळेपर्यंत पुन्हा रानात. हाताला फोड आले. खडू धरताना ते झोंबायचे, म्हणून ती डाव्या हाताने लिहू लागली, आणि तिची अक्षरं बघून मुलं खुशाल हसत.

मुलं तरी किती? बावीसांपैकी नऊ. बाकीच्यांना घरच्यांनी रानात नेलं होतं. कारभाऱ्याची दहा वर्षांची सगुणा मात्र रोज यायची. बापाला सांगून यायची की त्याच्याशी भांडून, ते तिचं तिलाच ठाऊक.

पाचव्या दिवशी आई बांधावर मटकन बसली. "नऊ पोरांपायी बापाचं रान घालवतेस?"

बाईला रडू कोसळलं. "घालवायचं नाहीये गं मला," ती म्हणाली. "पण आज दार लावलं तर उद्या ही नऊसुद्धा येणार नाहीत." तिने डोळे पुसले, बैलांना हाक दिली आणि पेरणीचं पुढचं तास धरलं.

कोजागिरी आली तेव्हा सहा दोर पेरून झाले होते. चार तसेच राहिले. जमिनीतली ओल उडून गेली होती.

दुसऱ्या दिवशी वस्तीचे पंच रानं मोजायला निघाले. आजवर सगळी मापं एका म्हाताऱ्याच्या डोक्यात असत, आणि मोजणी झाली की हटकून भांडणं लागत. त्याने सोयऱ्याचं रान वाढवून सांगितलं म्हणून एकदा दोघांची डोकी फुटली होती. आता तो म्हातारा वारला होता. मापं लिहायची कुणी? बाईच तेवढी लिहिणारी. पण ती म्हणाली, "माझं स्वतःचं रान मोजायचंय. मी लिहिणं बरं नाही. सगुणाला न्या."

पाटी घेऊन सगुणा रानोरान फिरली. अकरा घरांची मापं झाली आणि सगळे बाईच्या रानात आले. दोर पडला. पंच म्हणाले, "सहा."

सगुणाची पेन्सिल थांबली. ती मान खाली घालून रडू लागली. कारभारी घरी कितीही कडक असला तरी त्यालाही ते बघवेना. इर्जिकीला अट घातल्याचं त्याच्या मनाला लागलं होतंच. त्याने पंचांकडे पाहिलं. पंचांनी माना डोलावल्या.

"लिही, दहा," तो हळूच म्हणाला. "कुणी काही म्हणत नाही."

सगुणाने बाईकडे पाहिलं. बाईलाही त्या क्षणी वाटलं, लिहू दे. चारच तर दोर आहेत, आणि बापाने तिथे कंबर मोडेस्तोवर दगड वेचलेत. मग ती म्हणाली, "सगुणा, किती भरले?"

"सहा."

"मग सहा लिही."

सगुणाने सहा लिहिलं. संध्याकाळी चावडीसमोर तिने सगळ्यांची मापं खणखणीत आवाजात वाचून दाखवली. पहिल्यांदाच भांडण झालं नाही. ज्या मुलीने आपल्या बाईचं रानही वाढवलं नाही, तिने दुसऱ्याचं कमी केलं असेल असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

चार दोर वस्तीकडे गेले ते गेलेच. जेवताना आई म्हणाली, "तुझा बाप असता तर रागावला असता. आणि मग दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्या."

सकाळी बाई शाळेत आली तर खोलीत बसायला जागा नव्हती. बावीस मुलं होती. शिवाय भिंतीला टेकून त्या चार मुली बसल्या होत्या, वर्षभरापूर्वी आठ दिवस म्हणून गेलेल्या. कारभारी स्वतः घरोघर फिरून त्यांना घेऊन आला होता आणि आता दारात घुटमळत होता.

"बाई," तो म्हणाला. या वेळी त्याचं काही काम नव्हतं. "पुढच्या पेरणीला इर्जिक घालू. शाळा चालू ठेवूनच."

बाईने मान डोलावली. ती मुलांकडे वळून म्हणाली, "पाट्या काढा."

या गोष्टीचं तात्पर्य असं: ज्या दिवशी शिकवणाऱ्याला स्वतःचीच शिकवण महाग पडते आणि तरीही तो ती सोडत नाही, त्या दिवसापासून गाव त्याच्याकडून शिकू लागतं.