चौथ्या पंख्याची दिशा

पठाराच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं. त्या गावात विश्राम नावाचा विजेच्या मोटारींचं वायंडिंग करणारा एक कारागीर राहत असे. विहिरीवरची जळालेली मोटार असो की पिठाच्या गिरणीची, त्याच्या हाताखालून गेली की पुन्हा गुणगुणायला लागायची. त्याच्या दुकानाला लागूनच दस्तगीर घड्याळजीचं दुकान होतं. दोघं एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. मधल्या भिंतीला एक झरोका होता आणि त्यातून दिवसभर टोमण्यांची देवाणघेवाण चाले. "तुझ्या मोटारींच्या घरघरीनं माझी घड्याळं पुढं पळतात," असं दस्तगीर म्हणायचा. "पळू देत. त्यांचे मालक नाहीतरी उशिराच येतात," असं विश्राम उलट ऐकवायचा.

विश्रामचा एक नियम होता. मोटारीला तीन तारा असतात. त्यातल्या दोन जरी इकडच्या तिकडे जोडल्या गेल्या, तरी मोटार उलटी फिरते आणि पंप नुसताच कण्हत बसतो. म्हणून फिरवून, दिशा डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्राम एकही मोटार दुकानाबाहेर सोडत नसे. गिऱ्हाईक दारात कितीही पाय आपटो. "माझा हात चुकत नाही, पण मी हातावर विसंबत नाही," असं तो ऐटीत सांगायचा, आणि गाव त्याचा शब्द खरा मानायचा.

पन्नाशी उलटल्यावर या माणसाला एक खूळ लागलं. चार पंख्यांचं, रिमोटवर उडणारं विमान घरीच बनवायचं! बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. दस्तगीर मात्र झरोक्यातून म्हणाला, "कर रे. बारीक स्क्रू माझ्याकडं दे. तुझ्या त्या सांडशीसारख्या बोटांत ते टिकायचे नाहीत."

झालं, दोघं लागले कामाला. जुन्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून विश्रामनं चौकट केली. चार टोकांना चार मोटारी बसवल्या, प्रत्येक मोटारीपाशी तिचा वेग सांभाळणारं एकेक छोटं सर्किट लावलं. दस्तगीरनं डोळ्याला भिंग लावून पाती सुईवर तोलली. जे टोक जड वाटे ते तो पॉलिश कागदानं इतकं हलकेच घासायचा, की बघणाऱ्याला वाटावं नुसतं गोंजारतोय. कसली बोटं होती ती! तांदळाच्या कण्यांएवढे स्क्रू त्या बोटांत निमूट बसायचे. त्या बोटांवरच त्याचं दुकान चालत होतं आणि घरही.

अशा विमानाचे दोन पंखे उजवीकडे फिरतात आणि दोन डावीकडे. एक जरी उलटा फिरला तरी विमान उठत नाही, पालथं होतं. म्हणून कुठलीही तार हलवली की आधी चारही पाती उतरवायची, एकेक मोटार नुसती फिरवून दिशा बघायची आणि मगच पाती चढवायची. पाव तासाचं काम. विश्रामनं तीन महिन्यांत ते वीसदा तरी केलं असेल, आणि दर वेळी दस्तगीरला मान डोलवत सांगितलं असेल, "आळस नाही करायचा बाबा इथं."

संक्रांतीनंतरच्या रविवारी पठारावर हौशी लोकांचा मेळा भरायचा. लांबलांबून लोक आपापली विमानं घेऊन यायचे. त्या वर्षी विश्रामचंही नाव लागलं होतं. आपल्या दुकानात बनवलेलं विमान चार गावांसमोर उडणार म्हणून दोन्ही मित्र इस्त्रीचे कपडे घालून गेले.

आणि नेमकं पठारावर पोचल्यावर चौथ्या मोटारीचं सर्किट धूर सोडून बसलं. विश्रामच्या पिशवीत एक जादा होतं. तिथं उभ्या असलेल्या एका जीपच्या बोनेटवरच त्यानं जळकं काढलं, नवं डकवलं, तीनही तारांना डाग दिला. दस्तगीर तेवढ्यात पाणी आणायला गेला होता. विश्राम पाती उतरवायला वळणार, इतक्यात भोंग्यावरून आवाज आला, "विश्राम वायंडिंगवाले, चला, तुमची पाळी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "मामा, उडतंय का नुसतंच चकाकतंय?" हशा पिकला. विश्रामची कानशिलं तापली. तीस वर्षं तारा जोडतोय मी, असं तो मनाशी म्हणाला, आणि पाती होती तशीच ठेवून विमान घेऊन मैदानात शिरला.

मैदानात गुडघाभर वाळलं गवत होतं. जमिनीवरून उडवलं तर पात्यांत कुसळं अडकली असती. अशा वेळी एकानं विमान पायांना धरून उंच करायचं आणि दुसऱ्यानं रिमोटवरून उडवायचं, ही तिथली रीत. धरायला अर्थातच दस्तगीर पुढं झाला. विमान डोक्यावर धरून त्यानं विचारलं, "नवं सर्किट लावल्यावर चौथ्या मोटारीची दिशा बघितलीस ना?"

"बघितली," विश्राम म्हणाला.

दस्तगीर तसा कुणाच्या शब्दावर जाणारा माणूस नव्हता. स्वतःच्या मुलानं लावलेलं घड्याळाचं झाकणसुद्धा तो पुन्हा उघडून बघायचा. पण हा शब्द विश्रामचा होता. त्यानं हसून मान हलवली आणि हात आणखी ताठ केले.

विश्रामनं रिमोटचा दांडा वर नेला. तीन पंख्यांनी विमान वर ओढलं, चौथ्यानं खाली दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ते दस्तगीरच्या अंगावर पालथं झालं. आधी आवाज झाला, मग किंकाळी. विश्राम रिमोट टाकून धावला तेव्हा दस्तगीर गवतात बसला होता आणि उजवा हात डाव्या हातानं घट्ट दाबून धरला होता. पांढरा सदरा लाल होत चालला होता.

लोक गोळा झाले. "काय झालं? कसं झालं?" जो तो विचारू लागला. विश्रामनं ओठ उघडले. पण त्याच्या आधीच दस्तगीर दात आवळून म्हणाला, "माझीच पकड सुटली. त्याची काही चूक नाही."

आणि विश्राम गप्प राहिला. अरेरे, तिथं तरी बोलायचं होतं! पण त्या गर्दीत ते वाक्य त्याला आडोशासारखं मिळालं, आणि तो त्यामागं उभा राहिला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण अंगठा आणि पहिलं बोट पूर्वीसारखं मिटायचं नाही. विश्राम रोज डबा घेऊन जायचा, पट्टी बदलताना हात धरून बसायचा. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. ते ऐकलं की तो रिकामा डबा उचलून निघायचा. रोज जाताना तो ठरवायचा, आज सांगायचं. रोज परतताना उद्यावर ढकलायचा.

दोन महिन्यांनी दस्तगीरनं दुकान उघडलं. झरोक्यातून विश्राम बघत होता. दस्तगीरनं चिमट्यात एक स्क्रू धरला. तो पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो घरंगळून फरशीच्या फटीत गेला. दस्तगीरनं तो शोधला नाही. डोळ्यावरचं भिंग काढून त्यानं डबीत ठेवलं, आणि लोकांनी दुरुस्तीला दिलेली घड्याळं नावाच्या चिठ्ठ्यांसकट पिशवीत भरायला लागला. दुसऱ्या घड्याळजीकडे पोचवायला.

विश्रामला राहवेना. तो तसाच उठून त्याच्या दुकानात गेला आणि उंबऱ्यातच खाली बसला.

"दस्तगीर, त्या दिवशी मी दिशा बघितली नव्हती," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

दस्तगीरनं पिशवी खाली ठेवली.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तीन महिने तुझ्यासोबत पाती काढली-चढवली, मला कळणार नाही? विमान पालथं झालं तेव्हाच कळलं."

"मग लोकांना का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तू सांगशील. तेवढी जागा ठेवली होती मी तुला."

विश्राम त्याच्या पायांवर डोकं ठेवायला गेला. दस्तगीरनं त्याला वरच्या वर उठवलं, डाव्या हातानं त्याचे डोळे पुसले. "माफ केलं रे. कधीच केलं," असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं.

विश्रामनं कोपऱ्यावरून दोन चहा आणले. दस्तगीरला वीस वर्षांपासून साखरेचा आजार होता. एक पेला त्याच्यापुढे सरकवत विश्राम म्हणाला, "हा बिनसाखरेचा आहे."

दस्तगीरनं पेला उचलला. ओठांशी नेता नेता थांबला. मग चमचाभर चहा बशीत ओतून त्यानं आधी जिभेच्या टोकानं चाखून बघितला, आणि मग प्यायला. वीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. केलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. विश्रामच्या मात्र आलं. त्याचा स्वतःचा चहा हातातच निवून गेला.

तात्पर्य: जे बघितलं नाही, ते बघितलं म्हणू नये. आपल्या शब्दावर विसंबून कुणीतरी हात पुढं केलेला असतो. मोठ्या मनाचा माणूस चूक माफ करील, पण डोळे मिटून ठेवलेला विश्वास एकदा गेला, की तो त्यालाही परत देता येत नाही.