चौथा वार

झाडं-पाखरं एकमेकांशी बोलायची, त्या काळातली गोष्ट. धनेश पक्ष्याने आपल्या दोन जुन्या ढोल्या लिलावात काढल्या. खारीचे दिवस भरत आले होते, पिलांसाठी तिला ढोली हवीच होती. पहिल्याच ढोलीवर तिने वीस उंबरांची बोली लावली. पुढे कुणी चढलं नाही. धनेश ओरडला, "एक वार, दोन वार, तीन वार! ढोली खारीची!"

खारीने होती नव्हती ती वीस उंबरं आणून ठेवली. तर धनेश पंख पसरून दारातच उभा.

"ढोली झाडल्याची चार राहिली, बाई. आणि एवढा ओरडलो, त्या घशाची तीन."

"हे आधी का नाही सांगितलंस, दादा?"

"आधी सांगितलं असतं तर बोली कोण लावणार होतं?"

खार शांतपणे म्हणाली, "दादा, लिलावात वार तीनच असतात. हा चौथा माझ्या पाठीत कशाला?"

जमलेली पाखरं खदखदून हसली. सुतार पक्षी उठून म्हणाला, "चला रे, याच्या दुसऱ्या ढोलीवर आता कोण बोली लावतंय!" एकेक जण उडू लागला.

धनेशाने झटकन पंख मिटले. "अगं, बाहेर का थांबलीस? जा ना आत!"