जुन्या संगणकापुढचा पेढा

नात झाली म्हणून सल्लागार दिवेकर पेढे घेऊनच रुग्णालयाच्या संगणक कक्षात आले. पेढा तोंडात विरघळतो न विरघळतो तोच त्यांनी फर्मावलं, "तुमचा हा बावीस वर्षांचा प्रोग्रॅम रविवारी बंद करा, सोमवारी नवा लावा. नोंदणी, औषधं, रक्तपेढी, सगळं त्यात गुंतलंय. एकेक भाग सुटा करायला गेलात तर सगळंच कोसळेल."

"आणि रविवारची बाळंतपणं?" तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गोठोसकरबाईंनी विचारलं.

"एक दिवस थांबतील."

बाई हसल्या. "तुमची लेक काल थांबली नाही. तिची काही गैरसोय झाली का?"

"छे, सगळं अगदी वेळेवर मिळालं."

"तिची नोंद, औषधं आणि रक्ताची पिशवी ही कामं तीन वेगळ्या, नव्या प्रोग्रॅमनी केली. वर्षभर आम्ही एकेक भाग सुटाच करतोय."

दिवेकर हळूच म्हणाले, "मग जुन्याकडे उरलंय काय?"

"बाळाच्या मनगटावरची नावाची पट्टी छापणं. तेही आज काढून घेणार. तुमच्या नातीची मात्र त्यानेच छापली."

दिवेकर उठले आणि डब्यातला शेवटचा पेढा त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या संगणकापुढे ठेवला.