जपानी बदकाचं वय

राजे रघोजीरावांच्या कोपरानं जपानी बदक फुटलं. ते तीनशे वर्षांपूर्वीचं, उदाच्या गोळ्या ठेवायचं मातीचं डबडं होतं, पाठीचं झाकण उघडणारं. जोडीतलं एकच उरलं! आता महाराजांचं कोपर चुकतं, असं दरबारात कोण म्हणणार?

"महाराज, वारा!" कलापारखी गुंडोपंत चटकन म्हणाले. "ही कुंभारीण माठ घेऊन आत आली, म्हणून वारा हलला!"

दारात माठ डोक्यावर घेतलेली चिमा थिजलीच.

"पंधरा दिवसांत असंच बदक आण," राजे गरजले, "आणि तेही तीनशे वर्षांचं! नाहीतर तुमची भट्टी कायमची बंद!"

त्या भट्टीवर घरातली सात माणसं जेवत होती. तरी तिनं विचारलं, "वय कोण ठरवणार, सरकार?"

"गुंडोपंत! त्यांची नजर कधी चुकत नाही."

"म्हणजे पंत म्हणतील तेच वय?"

"तेच! शब्द दिला!"

चिमानं उरलेलं बदक डोळे भरून पाहिलं, दोऱ्यानं मापलं आणि घर गाठलं. तीन बदकं बिघडली. चौथं जमलं. ते तिनं गोवऱ्यांच्या धुरात काळवंडवलं, राखेनं घासलं, तेलानं पुसलं.

पंधराव्या दिवशी तिनं महालातलं बदक मागून घेतलं, दोन्हींची पदराआड अदलाबदल केली आणि ती तबकात मांडली.

"पंत, यातलं जुनं कोणतं?"

गुंडोपंतांनी भिंग लावलं, वास घेतला, डोळे मिटले. "डावं! तीनशे वर्षांत एक दिवस कमी नाही! काय तो प्राचीन सुगंध! उजव्याला अजून भट्टीचा वास मारतोय!"

"नक्की ना?"

"अगं, मला विचारतेस?"

चिमानं डाव्या बदकाचं झाकण उचलून महाराजांपुढे धरलं. आत कोरलं होतं: 'चिमा कुंभारीण, मुक्काम सावळवाडी.'

गुंडोपंतांचं भिंग गळून पडलं.

"सरकार, पंतांनी तीनशे वर्षं दिली," चिमा हात जोडून म्हणाली. "माझं काम झालं. आता तीनशे वर्षांच्या म्हातारपणी माझी भट्टी बंद करू नका!"

राजे आधी लाल झाले, मग असे हसले की सिंहासन हललं. चिमाला सोन्याचं कडं मिळालं, भट्टीला कायमची सनद मिळाली आणि महालातल्या मातीच्या सगळ्या जपानी प्राण्यांच्या कपाटाची किल्ली गुंडोपंतांच्या कमरेवरून सुटून तिच्या कमरेला लागली!