कासवाच्या पायऱ्या

घनदाट जंगलातल्या एका तळ्याकाठी एक विद्वान कासव राहत असे. बालमित्रांनो, त्याच्याकडे कोणी फारसे येत-जात नसे, त्यामुळे विचार करायला त्याला वेळच वेळ होता. पुष्कळ विचार करून त्याने एक सिद्धांत मांडला होता. "जिवाच्या गरजा म्हणजे घाटाच्या पायऱ्या," ते म्हणे. "पहिली पायरी पोटाची, दुसरी निवाऱ्याची, तिसरी सोबतीची आणि चौथी मानाची. खालची भरल्याशिवाय वरची चढायची नाही." आपल्याला दुसरी पायरी जन्मतःच पाठीवर बांधून मिळाली आहे, हे मात्र त्या विद्वानाच्या कधी ध्यानात आले नाही.

एकदा ससाण्याच्या तावडीतून निसटलेला एक सातभाई पक्षी तळ्याकाठी येऊन पडला. सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे पक्षी, जे सदा घोळक्याने हिंडतात आणि सगळे मिळून कलकलाट करतात. या बिचाऱ्याचा पंख दुखावला होता. कासव मनाने चांगले. त्याने पक्ष्याला उंबराच्या मुळांमधल्या कपारीत नेले आणि त्याच्यासमोर पिकली उंबरे व अळ्या मांडल्या. पक्ष्याने चोचसुद्धा लावली नाही. कासवाने आणखी अळ्या आणल्या, तरी तेच.

इतक्यात पक्ष्याचे भाऊ शोधत शोधत आले. "आजोबा, आमचा भाऊ आत आहे ना? आम्हाला त्याच्याजवळ जाऊ द्या," थोरला म्हणाला.

"सोबत ही तिसरी पायरी," कासव शांतपणे म्हणाले. "त्याची अजून पहिलीच रिकामी आहे. पोट भरू दे त्याचे, मग या."

वडीलधाऱ्याचा शब्द मोडायचा कसा? भाऊ पलीकडच्या काठावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पक्ष्याला मानही उचलवेना. आता कासव खरोखर घाबरले.

"अरे, खा ना! अशाने मरशील!"

"भूक आहे हो, आजोबा," पक्षी क्षीण आवाजात म्हणाला. "पण पहाऱ्यावर कोण आहे?"

"जेवायला पहारा कशाला?"

"आमच्यात एक भाऊ उंच फांदीवर बसून चहूकडे नजर ठेवतो, तेव्हाच बाकीचे खाली मान घालून टिपतात. बाहेर ससाणा असताना एकट्याला घास कसा गिळवेल?"

"मी आहे की इथे!"

"तुमची नजर अळ्यांवर आहे, आजोबा. आभाळावर नाही."

हे ऐकताच कासव पळत सुटले. कासवाचे पळणे ते केवढे, पण पळाले खरे. त्याने काठावरूनच भावांना हाका मारल्या. सगळे भर्रकन आले. थोरला उंबराच्या शेंड्यावर बसला आणि "आहे, मी आहे" असे हळू आवाजात बोलत राहिला. बाकीचे कपारीत शिरून भावाला खेटून बसले. पक्ष्याने एक अळी उचलली, मग दुसरी, आणि मग पाहता पाहता सगळ्याचा फडशा पाडला.

कासव गोंधळून बघत होते. "पण ही नक्की कितवी पायरी झाली?"

"पायरी कसली, आजोबा?" पक्षी म्हणाला. "आमच्याकडे पोट, पहारा आणि सोबत एकाच फांदीवर बसतात."

तेवढ्यात शेंड्यावरून थोरल्याचा आवाज आला, "आजोबा, तुम्हीही जेवून घ्या. मी बघतोय."

असे कासवाला आजवर कोणी म्हटले नव्हते. एक घास घ्यायचा आणि मान आत ओढायची, असेच ते जन्मभर जेवत आले होते. त्या दिवशी त्याने मान पुरती बाहेर काढली आणि पोट भरेपर्यंत ती आत घेतली नाही.

तात्पर्य : आपल्या मापाने दुसऱ्याची भूक मोजू नये, ज्याची गरज, त्यालाच आधी विचारावे.