सावरखोलच्या होडीतली शेवटची फळी

सावरखोलच्या खाडीवर आता वरच्या अंगाला पूल झाला आहे, तरी पलीकडच्या काठावरच्या बाजाराला जाणारी माणसं अजून होडीनेच जातात. होडी भरली तरी होडीवाला लगेच दोर सोडत नाही. आधी मोकळ्या काठाकडे तोंड करून, कोणी मागे राहिलं का म्हणून हाक मारतो, "काठार कोण रवला काय?" उत्तर येवो न येवो, जरा थांबतो. मागच्या टोकाची आडवी फळी शेवटी येणाऱ्यासाठी राखलेली असते, मग तो कोणीही असो. नव्या माणसाला याचं हसू येतं. हसणाऱ्यावर गावची म्हातारी माणसं रागावत नाहीत. त्याला शेजारी बसवून घेतात आणि धाकू तांडेलाची हकिगत सांगतात.

फार मागे ही होडी धाकू तांडेल चालवायचा आणि ती फळी तेव्हा देवाची होती. तरुणपणी एका वादळात त्याची होडी पालथी झाली, आणि वाचलो तर जन्मभर तुला माझ्या होडीत बसवीन, असा नवस तो रवळनाथाला बोलला, म्हणे. तो वाचला आणि बोललेलं त्याने पाळलं. रोज सकाळी फळी घासून धुवायची, तिच्यावर धुतलेला पंचा पसरायचा आणि मगच पहिली खेप न्यायची. बाजाराच्या दिवशी माणसं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी राहत, पण त्या पंचावर कोणी टेकत नसे. धाकूचं देवाशी दिवसभर बोलणं चालायचं. लाट आली की "देवा, धरून बस," ऊन चढलं की "डोक्यार कायतरी घे." तुझा देव कधी वल्ह्याला हात लावतो की नुसताच बसतो, असं लोक विचारत. धाकू हसण्यावारी न्यायचा. त्याला थट्टा लागत नसे, कारण रिकामी होडी नेतानाही वल्ह्याला एका माणसाचं जास्तीचं वजन त्याला जाणवायचं. तेच त्याचं सुख होतं. एवढा सुखी माणूस तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांवर नव्हता, असे सांगतात.

मग एका वर्षी गावात पटकीची साथ आली. ज्याच्या अंगात चालायची ताकद होती, तो पोरंबाळं घेऊन पलीकडे पळू लागला. धाकू सकाळपासून खेपा मारत होता. दिवस कलायला आला, आभाळ भरून आलं, आणि त्या खेपेला होडीत पाय ठेवायला जागा उरली नाही. दोर सोडणार तोच गावातली सरसोती धावत आली. नवरा सकाळीच पटकीने गेला होता. चौघं मिळाली नाहीत म्हणून तिने स्वतः खांदा दिला होता. माहेर पलीकडे होतं, तिथे जायला निघाली होती.

होडीतला एक म्हातारा म्हणाला, "फळी रिकामी आसा. बसांदे तिका."

धाकूने तिच्याकडे पाहिलं, मग पंचाकडे पाहिलं. "सुतकातला माणूस देवाच्या फळयेर कसा बसवू? दुसऱ्या खेपेक नेतंय गो बाय."

बाकीच्यांतलं कोणी जागचं सरकलं नाही. भीती सगळ्यांनाच पटकीची होती, देवाचं नाव पुढे करायला धाकू आयता मिळाला. सरसोती वाद घालत बसली नाही. ती काठावरच्या उंडीच्या झाडाखाली टेकली आणि म्हणाली, "बरा. देव पलीकडे पोचलो की तेका सांगा, सरसोती अजून हयच आसा."

खाडीच्या मध्यावर येईपर्यंत धाकूला काही कळलं नाही. मग वल्ही फार सहज चालू लागली. होडी माणसांनी खच्चून भरलेली, समोरून वारा, आणि तरी हात हलके. त्याने मागे वळून पाहिलं. पंचा तसाच पांढराशुभ्र पसरला होता. "देवा," त्याने हाक मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण लाकडाशी बोलतो आहोत.

पलीकडे पोचताच वादळ सुटलं. माणसांनी त्याला अक्षरशः धरून ठेवलं, नाहीतर तो तसाच परत फिरला असता. उजाडल्यावर वारा पडला तेव्हा तो एकटा अलीकडे आला. सरसोती उंडीखाली पडली होती. पटकीने तिला कधी नेलं, कोण जाणे. होडी येताना दिसावी म्हणून तोंड पाण्याकडे केलेलं होतं. धाकूने फळीवरचा पंचा आणला, तिच्या अंगावर घातला आणि ओक्साबोक्शी रडला.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. फळीवर सुतकातला, आजारी, कोणी जवळ न घेतलेला, अशा कोणालाही बसवायचा. हाक मारून थांबायची रीत त्याचीच. देव परत आला का, असं लोक विचारत, तेव्हा तो नाही म्हणून मान हलवायचा. वल्ही शेवटपर्यंत हलकीच राहिली, म्हणे.

आजही सावरखोलात कोणी परगावी निघालं की देव तुझ्याबरोबर आहे, असं म्हणत नाहीत. दारात येऊन घरची माणसं एवढंच सांगतात, "देव मागे रवलो आसा. वाटेत कोण बसलेला दिसला तर इचारून जा."