गारखिंडचा हैबती आणि गोजराआत्याचे हातमोजे

फार वर्षं झाली या गोष्टीला, इतकी की मोजायला बसलेला माणूसही कंटाळून मध्येच उठून गेला. त्या काळी गारखिंडीत थंडी पडायची ती आत्तासारखी नव्हे. पौषात पहाटे ओढ्याच्या पाण्यावर दुधावर धरावी तशी साय धरायची. घाट उतरणाऱ्या गाडीवानांची बोटं कासऱ्याला अशी चिकटायची की सोडवायला वरून कोमट पाणी ओतावं लागे, असं म्हणतात.

त्या गावात हैबती नावाचा चर्मकार होता. विहिरीच्या मोटा शिवायचा, जोडे शिवायचा, बैलांचे पट्टे करायचा. हात सोन्याचा, पण जीभ कात्रीची. गिऱ्हाईक दारात आलं की आधी बोलणी खायचं आणि मग जोडा घेऊन जायचं. तरी लोक त्याच्याकडेच यायचे, कारण त्याचा जोडा बापाच्या पायातून लेकाच्या पायात गेला तरी टाका उसवत नसे.

एकदा खिंडीतून शिकारीला निघालेला एक गोरा साहेब त्याच्या दारी घोड्याला पाणी पाजायला थांबला. त्याच्या हातात कातड्याचे मोजे होते. हैबतीनं ते नुसते डोळ्यांनी पाहिले. साहेब वळणावर दिसेनासा होतोय तोवर ह्यानं रापी उचलून कातडं बेतायला घेतलं होतं. पहिला जोड त्यानं एका गाडीवानाला दिला. गावाला नवल वाटलं. पायातले जोडे असतात तसे हे हातातले जोडे, म्हणून लोक त्यांना हातजोडे म्हणू लागले.

आणि हैबतीच्या डोक्याला ताप झाला.

पाटलांना साहेबासारखे घट्ट हवे होते, वर लाल गोंडा. शिवून दिले, तर दुसऱ्या दिवशी पाटील घरात ओरडत बसले, कारण मोजे घालून फेटा बांधता येईना आणि मोजे काढता येईनात. एका बाईनं जाडजूड मोजे नेले आणि ते घालून म्हशीखाली बसली. म्हशीनं तांब्यासकट तिला उडवून लावलं. गव्हाला पाणी देणारा एक शेतकरी तर भिजून वाळलेले मोजे घेऊन आला. ते लाकडासारखे कडक झाले होते.

"पाण्यात हात घालायचे होते तर आधी का नाही बोललास?" हैबतीनं विचारलं.

"तू कुठं विचारलंस?"

हैबतीनं कोपरापासून हात जोडले. पण त्या दिवसापासून त्यानं एक नेम धरला. मोजे मागायला जो येईल त्याला तो समोर बसवायचा आणि विचारायचा, "उठल्यापासून निजेपर्यंत हातानं काय काय करतोस, ते सांग."

"काय सांगायचं? रोजचंच आपलं."

"तेच रोजचं सांग. लग्नातलं नको सांगू."

मग तो त्या माणसाचा हात आपल्या हातात घ्यायचा. नुसता हात धरून त्याला कळायचं की हा माणूस कासरा ओढतो की विळा धरतो, आणि आदल्या दिवशी बायकोशी भांडलाय का, असं म्हणतात. गाडीवानाला तो तळव्यावर दुहेरी कातडं लावून द्यायचा. पाणी देणाऱ्याचं कातडं तेल-मेण चोळचोळून असं मुरवायचा की पाणी वरच्या वर घसरायचं. म्हशीवालीला त्यानं पुन्हा मोजे दिलेच नाहीत. "गोठ्यात जाईपर्यंत पदरात हात गुंडाळ आणि माझं डोकं खाऊ नकोस," एवढंच सांगितलं.

अशी सगळ्या गावाची सोय झाली. राहिली एक गोजराआत्या.

गोजरा गावची सुईण. गारखिंडीत आणि वरच्या धनगरवाड्यात जन्मलेलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात आलेलं. पोटावरून हात फिरवून बाळाचं डोकं कुठं, पाय कुठं ते सांगायची. पण वय झालं तशी थंडी तिच्या बोटांत शिरली. हात सुजायचे, भेगा पडायच्या, बोटांना काही कळेनासं व्हायचं. त्या वर्षी दिवाळी झाली आणि तिनं सांगून टाकलं की पौषात मला कुणी बोलवू नका, माझे हात आता लाकडाचे झालेत.

हैबतीची लेक सुंदरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे दिवस पौषातच भरणार होते. घाट उतरून दुसरी सुईण आणायची तर अख्खा दिवस जाणार.

म्हणून हैबतीनं आत्यासाठी मोजे शिवायला घेतले. पहिले पातळ शिवले, कातडीवर कातडी चढल्यासारखे. आत्यानं परत आणून दिले. म्हणाली, "काढायला वेळ लागतो. पोर वाट बघत नाही." मग त्यानं बोटांची टोकं उघडी ठेवून शिवले. आत्या म्हणाली, "गार पडतात ती बोटंच की." मग आतून लोकर लावून जाड शिवले. ते आत्यानं हरवले. एक कडब्याच्या गंजीवर सापडला, दुसरा पाटलांच्या शेळीच्या तोंडात. हैबतीनं पुन्हा शिवले, तिनं पुन्हा हरवले.

"आत्या, तुला मोजे नकोतच," तो शेवटी म्हणाला. "तुला मला छळायचंय."

"मी कशाला छळू? मोजे ठेवते कुठंतरी नि विसरते."

"आणि काढतेस कशाला? हातात ठेवायला काय होतं?"

आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की जणू हाही आत्ताच जन्मलाय. "माझं काम मोजे काढल्यावर सुरू होतं, लेका," ती म्हणाली, आणि काठी टेकत निघून गेली.

हैबती बराच वेळ चरफडत बसला. साऱ्या गावाला तो रोजचं विचारत होता, पण आत्याला त्यानं काही विचारलं नव्हतं. सुईणीचं काम काय, ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी धनगरवाड्यावरून बोलावणं आलं आणि आत्या नको नको म्हणत निघालीच. तिला कधी नाही म्हणता आलं नाही. हैबती तिच्या मागोमाग चढण चढला.

वाटेत तिनं हात काखेत धरले होते. तरी पोचेपर्यंत बोटं निळी पडली. तो बाहेर अंगणात उभा होता. आत कळा देणाऱ्या पोरीच्या पोटाला आत्याचा गार हात लागला आणि ती शहारून ओरडली ते त्याला ऐकू आलं. मग आत्या दारालगतच्या चुलीपाशी येऊन हात शेकत बसली. आत पोरगी कळा देतेय आणि सुईण चुलीपुढं बसलीय. आत्या स्वतःशीच रडकुंडीला येऊन पुटपुटत होती, "उमला गं कळ्यांनो, उबदार व्हा." ती बोटांना कळ्या म्हणत होती. त्या खेपेला सगळं नीट पार पडलं. पण हैबती खाली आला तो थेट कातड्यापाशी बसला.

त्यानं करडाचं मऊ कातडं काढलं, बाभळीच्या सालीत कमावलेलं. धनगरांकडून कोकरांची पहिली लोकर मागून आणली. ह्या वेळी त्यानं चार बोटांना एकच घर केलं, म्हणजे ती एकमेकींना ऊब देतील, आणि अंगठ्याला तेवढं वेगळं. मनगट सैल ठेवलं, हात झटकला की मोजा सुटेल इतकं. आणि दोन्ही मोज्यांना कातड्याची एक लांब वादी शिवून ती आत्याच्या गळ्यात घातली, म्हणजे काढले तरी छातीवर लोंबत राहतील आणि शेळीच्या तोंडी जाणार नाहीत.

आत्यानं हात घालून बघितले, काढले, पुन्हा घातले. "रंग काय असला, शेणासारखा," ती म्हणाली.

हैबतीनं रापी पुसून ठेवली. ह्या बाईला बोलून काही उपयोग नसतो, हे त्याला तोवर कळून चुकलं होतं.

पौष लागला. एके दिवशी तांबडं फुटता फुटता सुंदराच्या कळा सुरू झाल्या. त्या सकाळी ओढा काठापासून काठापर्यंत गोठला होता. झाडांवरची पाखरं पंख मिटून बसली होती ती उडेनात, असं म्हणतात. आत्या धनगरवाड्यावर होती. तिला निरोप गेला आणि ती दंवातून, पांढऱ्या झालेल्या वाटेवरून खाली आली. भुवयांवर दंव, पदरावर दंव. दारात येऊन तिनं दोन्ही हात झटकले. मोजे छातीवर लोंबले. तिच्या तळव्यांतून भाकरीच्या पहिल्या पापुद्र्यातून निघते तशी वाफ निघाली, असं म्हणतात.

सुंदराच्या पोटाला तिचा हात लागला तेव्हा पोरगी ओरडली नाही. म्हणाली, "आत्या, हात तिथंच ठेव."

बाळ आडवं होतं. ते आत्याच्या बोटांना कळलं आणि त्याच बोटांनी तिनं ते हळूहळू वळवलं. ऊन अंगणात येईतो मुलगी झाली. पण रडली नाही. निळी, गार, ओंजळभर. हैबती दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. आतल्या बायका गप्प झाल्या, ते गप्प होणं त्याला कळलं. तो तिथंच खाली बसला.

आत्यानं पोरीला दोन्ही तळव्यांत धरलं आणि तळवे मिटले. चोळलं, फुंकर घातली, पुन्हा तळवे मिटले. त्या वेळी छपरावर गोठलेलं दंव वितळून पागोळ्या गळायला लागल्या, सगळ्या गावात फक्त त्या एका घराच्या, असं म्हणतात. आणि मग पोरगी रडली. तिचं रडणं ऐकून झाडांवरची पाखरं उडाली.

आत्या बाहेर आली. हैबती भिंतीला धरून उठला. तिनं त्याचा हात धरला, तो जसा गावाचे हात धरायचा तसा.

"तुझेच हात गार पडलेत की रे," ती म्हणाली. "असल्या हातांनी नातीला उचलणार होतास?"

गळ्यातली वादी काढून तिनं ते मोजे त्याच्या हातांत घातले. हात ऊन होईपर्यंत तो अंगणात बसून राहिला. घाईला आला होता, दोनदा उठला. दोन्ही वेळा आत्यानं त्याला खाली बसवलं. मग त्याला नातीला घेऊ दिलं.

पुढं आत्या गेली, हैबतीही गेला. ते मोजे म्हणे नंतर कधी गार पडलेच नाहीत. ज्या घरात ते असत तिथली मांजरं चुलीपाशी निजायची सोडून त्यांच्याखाली जाऊन निजत.

आता गारखिंडीतल्या बाळंतिणी तालुक्याच्या दवाखान्यात जातात. पण बाळ घरी आलं की, थंडी असो नसो, दाराच्या खुंटीला कातड्याचा एक जोड लागतो, लोकर आत आणि वादी वर. त्याला हैबती म्हणतात. बाळ बघायला येईल त्यानं आधी त्यात हात घालून ओट्यावर बसायचं. मामा असो, पाव्हणा असो, सरपंच असो. घरातली म्हातारी मधूनमधून येऊन त्याचे हात चाचपते, नाक मुरडते, आणि वैतागून म्हणते, "अजून गारच आहेत. बसा."